फायर सायन्सची पदवी: फी स्वस्त, मग महाग काय पडतं?

"कोर्स घ्यावा की नको" या व्हिडिओनंतरच्या लाइव्ह सत्रात कॅलिफोर्नियातल्या एका ताईंनी प्रश्न विचारला. मुलगा तिथेच जन्मलेला, बारावी होतोय, आणि त्याला फायरमन व्हायचंय. घरात सगळे आयटीतले. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात फायर सायन्सची दोन वर्षांची असोसिएट पदवी आहे. "फी तर अगदीच कमी आहे, मग घेऊ दे का?" असं त्या म्हणाल्या. लाइव्हमध्ये दोन मिनिटांत उत्तर देणं बरं वाटलं नाही, म्हणून आज कागद-पेन घेऊन बसलेय.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही साताऱ्यात मसाल्याचा धंदा काढायचा म्हणतोय, आम्हाला अमेरिकेतल्या फायरमनशी काय करायचंय? हे उदाहरण मी मुद्दाम घेतलंय, कारण तिथे आकडे उघडे असतात. कोणत्या कामाला किती पगार मिळतो हे त्यांचं सरकारी श्रम सांख्यिकी खातं दरवर्षी छापतं. कोणत्या कॉलेजातून कोणता कोर्स केलेली मुलं पुढे किती कमावतात, हे बघायला २०१५ पासून 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाची सरकारी वेबसाइट आहे. आपल्याकडे कोर्सचा हिशोब करायचा तर क्लासवाल्याच्या फ्लेक्सवरचा आकडा सोडून हाताशी फार काही नसतं. म्हणून रीत इथे शिकू, मग ती कुठेही लावता येईल.

आधी फी. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर आहे, आणि २०१२ पासून तीच आहे. असोसिएट पदवीला ६० युनिट लागतात. ४६ गुणिले ६० म्हणजे २,७६० डॉलर. देशभराची सरासरी याहून जास्त आहे. २०२३-२४ मध्ये सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजची सरासरी फी वर्षाला ३,९९० डॉलर होती. तरी तिथल्या मानाने ही स्वस्तच म्हणायची. पुस्तकं, बूट, गणवेश, परीक्षांच्या फिया, पेट्रोल असं सगळं धरून मी एकूण ५,००० डॉलर पकडते. हा माझा अंदाज आहे, तुमच्या कॉलेजचा आकडा वेगळा असेल तर तो घाला.

आणि हो, लगेच डॉलरच्या भावाने गुणून रुपये करू नका. पगारही मग त्याच भावाने गुणावा लागेल, आणि लाखांचा आकडा बघून डोळे फिरतील. तिथली कमाई तिथल्याच भाड्यासमोर ठेवून बघायची.

तर ५,००० डॉलर. ताईंना जे स्वस्त वाटलं ते हेच. पण दुकान काढताना डिपॉझिट भरलं म्हणजे खर्च संपला असं कुणी म्हणतं का? खरा खर्च दर महिन्याला जाणारं भाडं असतं. कोर्सचं भाडं म्हणजे वेळ. त्या वेळात मुलगा कमावू शकला असता तो पैसा.

हे भाडं मोजूया. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून किमान वेतन तासाला १६ डॉलर झालं. आठवड्याला ४० तास, वर्षाला ५२ आठवडे धरले तर ३३,२८० डॉलर होतात. दोन वर्षं पूर्णवेळ शिकला आणि काहीच कमावलं नाही, तर ६६,५६० डॉलर गेले. पण कम्युनिटी कॉलेजातली पुष्कळ मुलं अर्धवेळ काम करतात, म्हणून अर्धंच बुडालं असं धरू, म्हणजे ३३,२८०. त्यात आधीचे ५,००० मिळवा. पदवीची खरी किंमत झाली ३८,२८० डॉलर.

हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. पुढे दोनदा लागणार आहे.

पगार किती आणि कुणाला

मे २०२३ च्या सरकारी आकड्यांनुसार अमेरिकेत फायरमनचा मध्य पगार वर्षाला ५७,१२० डॉलर होता. मध्य म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचा पगार. अर्ध्यांना याहून कमी मिळतो, आणि नवीन भरती झालेला मुलगा त्या अर्ध्यांतच असणार. यात ओव्हरटाइम धरलेला नाही. कॅलिफोर्नियात पगार याहून बराच जास्त आहे, पण तिथलं घरभाडंही तसंच आहे. मी हिशोबाला देशाचाच आकडा घेतेय. हात राखून केलेला हिशोब बरा.

दुसरी गोष्ट तासांची. बऱ्याच ठिकाणी २४ तास ड्युटी आणि मग ४८ तास सुट्टी अशी पाळी असते. आठवड्याची सरासरी ५६ तास पडते, वर्षाचे २,९१२ तास. ५७,१२० ला २,९१२ ने भागलं तर तासाला साडेएकोणीस डॉलरच्या जरा वर. ऑफिसातल्या ४० तासांच्या आठवड्याने भागलं असतं तर साडेसत्तावीसच्या आसपास दिसले असते. पगाराचा आकडा तोच, पण त्यासाठी दिलेले तास वेगळे. स्टेशनवर झोपायला मिळतं हे खरं आहे, पण घंटा वाजेपर्यंतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कॉलेजच्या माहितीपत्रकात कधी ठळक अक्षरात येत नाही. अमेरिकेत आग विझवणारे बहुतेक लोक पगारी नाहीतच. तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे एकूण १०,४१,२०० फायरमन होते. त्यातले ६,७६,९०० स्वयंसेवक, म्हणजे शंभरात पासष्ट. छोट्या गावांत दिवसा आपापलं काम करणारे लोक फोन आला की बंबाकडे धावतात. आपल्याकडे गणपतीत मंडळाचे कार्यकर्ते करतात तसं, फक्त वर्षभर आणि रीतसर प्रशिक्षण घेऊन. तेव्हा "अमेरिकेत दहा लाख फायरमन आहेत, केवढं मोठं मार्केट" असं कुणी म्हणालं तर पगारी किती ते विचारा. साडेतीन लाखांच्या थोडे वर. तेही मुख्यतः शहरांत.

नोकरी कशाने मिळते

इथे ताईंच्या प्रश्नाचा गाभा आहे. पदवी घेतली म्हणून नोकरी मिळते का?

त्याच सरकारी खात्याच्या नोंदीत या कामाला लागणारं नेहमीचं शिक्षण म्हणून काय लिहिलंय माहितीये? बारावीनंतरचं प्रमाणपत्र. पदवी नाही. न्यूयॉर्क शहराचं फायर खातंसुद्धा पूर्ण पदवीची अट घालत नाही.

मग काय लागतं? एक म्हणजे ईएमटी, आपत्कालीन वैद्यकीय मदतनीसाचं प्रमाणपत्र. कॅलिफोर्नियात हा साधारण १७० तासांचा कोर्स आहे, एका सत्रात होतो. याचं कारण सोपं आहे. फायर खात्याला येणाऱ्या कॉलपैकी जवळपास दोन तृतीयांश वैद्यकीय असतात, छातीत दुखतंय, आजोबा पडले, अपघात झाला. प्रत्यक्ष आगीचे कॉल शंभरात चार-पाच. गिऱ्हाईक काय मागतं ते बघून माल भरायचा, हे आपण दुकानदारांना सांगायला नको.

दुसरं म्हणजे फायर अकॅडमी, काही महिन्यांचं खडतर प्रत्यक्ष प्रशिक्षण. अनेक कम्युनिटी कॉलेजं ही चालवतात, काही मोठी खाती निवड झाल्यावर पगार देऊन स्वतःच्या अकॅडमीत पाठवतात. तिसरं, शारीरिक चाचणी. सीपॅट नावाची चाचणी बरीच खाती मानतात. अंगावर ५० पौंडांचं जॅकेट, म्हणजे जवळपास २३ किलो, आणि १० मिनिटं २० सेकंदांत आठ कामं. पहिलंच काम जिना चढण्याचं, त्यात आणखी २५ पौंड खांद्यावर. अकरावा सेकंद उशीर झाला, एवढ्यावरून नाही, एक सेकंद उशीर झाला तरी नापास. ही चाचणी कोणत्याही पदवीने सोपी होत नाही. त्यानंतर लेखी परीक्षा, तोंडी मुलाखत, चारित्र्याची चौकशी, वैद्यकीय तपासणी.

मग कॉलेजात दोन वर्षं शिकवतात तरी काय? वाईट काही शिकवत नाहीत. मेरीलँड राज्यात एमिट्सबर्गला राष्ट्रीय फायर अकॅडमी आहे, तिने कॉलेजांसाठी नमुना अभ्यासक्रम बसवून दिलाय. आग कशी वागते, इमारतीची बांधणी, आग प्रतिबंध, स्प्रिंकलर-अलार्मसारख्या यंत्रणा, सेवेची तत्त्वं, स्वतःचा जीव सांभाळणं असे सहा मुख्य विषय. जळत्या इमारतीचं छत कधी कोसळेल याचा अंदाज ज्याला आहे तो घरी परत येतो, त्यामुळे हे ज्ञान फुकट नाही. पण ६० युनिटांत हे सहा विषय साधारण १८ युनिटांचे. बाकी बराच भाग इंग्रजी, गणित, समाजशास्त्र असा सर्वसाधारण.

आता मघाचा आकडा काढा. समजा मुलाने पदवी न घेता एक वर्ष फक्त ईएमटी, लागणारे विषय आणि अकॅडमी एवढंच केलं. अकॅडमीत काम करायला वेळ मिळत नाही, म्हणून पूर्ण वर्षाची कमाई बुडाली धरू, ३३,२८०. खर्च ५,०००. एकूण ३८,२८०. पदवीइतकाच! पण परतावा बघा. किमान वेतनाच्या ३३,२८० वरून मध्य पगाराच्या ५७,१२० वर गेला तर वर्षाला २३,८४० जास्त. ३८,२८० भागिले २३,८४०, म्हणजे साधारण एक वर्ष सात महिने. नवीन मुलाचा पगार मध्यापेक्षा कमी असतो, भरतीची वाट बघावी लागते, हे धरून मी याला अडीच-तीन वर्षं म्हणेन. वाट बघताना रुग्णवाहिकेवर ईएमटी म्हणून काम मिळू शकतं. त्याचा मध्य पगार मे २०२३ मध्ये ३८,९३० होता. भारी नाही, पण किमान वेतनापेक्षा बरा, आणि मुलाखतीत अनुभव म्हणून उपयोगी. पुढे पॅरामेडिक झाला तर ५३,१८०.

आता पदवीचा परतावा. नोकरी लागल्यावर पुष्कळ खाती पदवीधराला शिक्षण भत्ता देतात, कुठे ठराविक रक्कम, कुठे मूळ पगाराचे काही टक्के. आपण अडीच टक्के धरू. ५७,१२० चे अडीच टक्के म्हणजे वर्षाला १,४२८ डॉलर. ३८,२८० भागिले १,४२८ किती? सव्वीस वर्षं आणि वर नऊ-दहा महिने. नोकरी संपायची वेळ आली!

मग पदवी घेऊच नये? थांबा. तीच पदवी नोकरी लागल्यावर घेतली तर? २४ तास काम आणि ४८ तास सुट्टी, त्या सुट्टीत किंवा ऑनलाइन विषय करायचे. कमाई काहीच बुडत नाही. खर्च फक्त ५,०००. भागिले १,४२८, म्हणजे साडेतीन वर्षांत वसूल. वर अनेक खाती फीचा काही भाग परत देतात, आणि बरीच कॉलेजं अकॅडमी आणि ईएमटीचे युनिट पदवीत धरून घेतात. मग दोन वर्षांतही वसूल होईल.

पदवी तीच, कॉलेज तेच. नोकरीच्या आधी घेतली तर सव्वीस वर्षं, नंतर घेतली तर साडेतीन.

आपल्या दुकानदारीत हे रोजचं आहे. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मोठं कलर मशीन आलं ते जवळच्या कॉलेजचं वर्षभराचं काम हातात आल्यावर. त्याआधी लहान मशीनवरच काम काढलं. मोठं मशीन आधी आणून काचेतून गिऱ्हाइकाची वाट बघत बसले असते तर हप्ते तेवढेच गेले असते आणि मशीनवर धूळ बसली असती.

बढतीचं काय, असं एकाने लाइव्हमध्ये विचारलं होतं. बरोबर प्रश्न आहे. फायरमनवरच्या पर्यवेक्षकांचा, म्हणजे कॅप्टन वगैरेंचा, मध्य पगार ८० हजारांच्या वर आहे. तिथे पदवीला खरी किंमत येते. राष्ट्रीय फायर अकॅडमीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कार्यक्रमाला तर चार वर्षांची पदवीच लागते. पण कॅप्टनच्या परीक्षेला बसायलाच आधी काही वर्षं नोकरी लागते. म्हणजे पदवी कामाला येण्याआधी ती मिळवायला वेळ आहे, आणि त्या वेळात पगार चालू आहे.

एक अपवाद सांगते. मुलाला ज्या शहरात जायचंय तिथलं खातं जाहिरातीतच असोसिएट पदवी मागत असेल, तर माझा वरचा हिशोब तिथे लागू नाही. मग पदवी हेच प्रवेशाचं तिकीट. म्हणून आधी चार-पाच खात्यांच्या भरतीच्या जाहिराती काढा, कॉलेजचं माहितीपत्रक त्यानंतर.

जे हिशोबात बसत नाही

पेन्शन ही या नोकरीची मोठी बाजू. कॅलिफोर्नियाच्या राज्य पेन्शन व्यवस्थेत २०१३ नंतर लागलेल्या फायरमनला सर्वसाधारणपणे ५७ व्या वर्षी निवृत्त होताना नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पगाराचे २.७ टक्के मिळतात. २५ वर्षं केली तर साडेसदुसष्ट टक्के, आयुष्यभर. त्यासाठी पगारातून कपातही चांगलीच होते. आपल्या धंद्यात असं कोण देतं? दुकानदाराची पेन्शन म्हणजे त्याने स्वतः बाजूला काढलेले पैसे.

४८ तासांची सुट्टीही मोजा. तिथले बरेच फायरमन सुट्टीत दुसरं काम किंवा छोटा धंदा करतात, सुतारकाम, बागकाम, घरदुरुस्ती. ठरलेला पगार आणि सलग दोन दिवस मोकळे, धंदा सुरू करायला याहून चांगली परिस्थिती क्वचितच मिळते.

दुसरी बाजू तेवढीच जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरमनच्या कामाला कर्करोगाचं निश्चित कारण म्हणून पहिल्या गटात टाकलं. धूर, जळलेलं प्लास्टिक, अंगावरच्या कपड्यांत बसलेली काजळी. याला डॉलरचा आकडा मी लावणार नाही, आणि लावू नये. हे मुलाशी बसून बोलायचं. अठरा वर्षांच्या मुलाला लाल गाडी दिसते, आईला बाकीचं दिसतं.

फसण्याच्या दोन जागाही सांगून ठेवते. असोसिएट पदवीत दोन प्रकार दिसतात, एक चार वर्षांच्या विद्यापीठात पुढे जोडता येणारी आणि एक 'अप्लाइड' नावाची, जिचे बरेच युनिट पुढे धरले जात नाहीत. पुढे शिकायचा विचार असेल तर प्रवेशाआधीच लेखी विचारा. आणि खासगी, नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजची फी याच विषयाला कितीतरी पट असते. परतावा मात्र खातं ठरवतं, कॉलेज नाही, त्यामुळे भत्ता तेवढाच मिळणार.

इथून, महाराष्ट्रातून कुणी विद्यार्थी व्हिसावर जाऊन तिकडे फायरमन व्हायचं म्हणत असेल, किंवा कुणी एजंट ते विकत असेल, तर तिथेच थांबा. बाहेरून आलेल्याला रहिवाशांची ४६ डॉलरची फी लागू नाही, आणि खात्यांना कायम काम करायचा हक्क असलेला माणूस हवा असतो, कित्येक ठिकाणी थेट नागरिकच. ताईंचा मुलगा तिथला नागरिक आहे म्हणून हा सगळा हिशोब.

आपल्याकडेही फायर अँड सेफ्टीच्या डिप्लोम्याचे बोर्ड तालुक्या-तालुक्याला लागलेत. तिथे एकच काम करा. महानगरपालिकेच्या अग्निशामक भरतीची जुनी जाहिरात काढा आणि शैक्षणिक पात्रतेचा रकाना वाचा. बऱ्याच जाहिरातींत मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राच्या सहा महिन्यांच्या कोर्सचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. नागपूरला केंद्र सरकारचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथले कोर्स वेगळे आणि प्रवेशाची पद्धतही वेगळी. तुमच्या क्लासवाल्याच्या सर्टिफिकेटचं नाव त्या रकान्यात आहे का, एवढंच बोट ठेवून दाखवायला सांगा. "चालतं हो सगळीकडे" हे उत्तर धरायचं नाही. खासगी कारखान्यात सेफ्टीचं काम करायचं असेल तर गोष्ट निराळी, पण मग त्या कारखान्यातल्या माणसाला पगार विचारून त्याने भागाकार करा.

हिशोबाचा तक्ता व्हिडिओच्या खाली दिलाय. पाच रकाने आहेत: फी, इतर खर्च, बुडालेली कमाई, वर्षाला वाढणारी कमाई आणि वसुलीची वर्षं. पहिल्या चारांत आपले आकडे घाला, पाचवा आपोआप येईल. ब्यूटी पार्लरचा कोर्स असो, टॅलीचा असो की बेकरीचा, तक्ता तोच चालतो. तिसरा रकाना रिकामा ठेवून मला पाठवू नका, मी तो परत पाठवेन.